आधी गोष्ट सांगू द्या, मग सारांश

नाशिकच्या एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं असल्यामुळे त्यातला आशय थोडक्यात देते.

मुलगा बारा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात शिकणारा, आता सातवीत जाईल. मराठीच्या बाईंनी मे महिन्याच्या सुट्टीत पाच पुस्तकं वाचून प्रत्येकाचा एक पान सारांश वहीत लिहून आणायला सांगितला आहे. पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी तो वही पुढ्यात घेऊन नुसता बसून राहायचा. शेवटी आईने सांगितलं आणि त्याने लिहिलं. तिसरं पान त्याने आपलं आपण पूर्ण केलं, म्हणून आईला फार बरं वाटलं. दोन दिवसांनी आजीने सहज ते पान वाचलं आणि विचारलं, “यात धाकटी बहीण कुठून आली? पुस्तकात त्या मुलाला बहीणच नाही.” त्याने पुस्तक उघडलंच नव्हतं. मोबाइलमधल्या एआयला विचारून सारांश वहीत उतरवला होता. त्यावरून घरात भांडण झालं. बाबा म्हणतात, वही पूर्ण झाल्याशी कारण, सगळी मुलं हेच करतात. आईला वाटतं, मुलगा आळशी तर होताच, आता खोटंही वागायला लागला. ते पान फाडून पाचही पुस्तकं सक्तीने वाचून घ्यावीत का? बाईंना सांगावं का? आणि दिवसभर लोळत क्रिकेटच्या बातम्या आणि इंग्रजी कॉमिक्स वाचतो, त्याला वाचन म्हणायचं का? १५ जूनला शाळा उघडेल, हातात तीन आठवडे आहेत.

प्रिय ताई,

आधी एक विनंती. ते पान फाडू नका. त्याचा आपल्याला उपयोग आहे, तो पुढे सांगते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. पहिल्या दोन पुस्तकांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून गेलात, “मग मीच सांगितलं, त्याने लिहून घेतलं.” तिसऱ्या पानाबद्दल मात्र दीड पान लिहिलं आहे. तुमच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पहिल्यात तुमची माया होती, शेजारी बसून घालवलेला वेळ होता. पण बारा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. दोन पानं त्याने दुसऱ्याच्या तोंडची लिहिली, तेव्हा शाबासकी मिळाली. तिसरंही दुसऱ्याच्याच तोंडचं लिहिलं, तेव्हा घर डोक्यावर घेतलं गेलं. त्याला यातून इतकंच समजलं असणार की वही भरणं महत्त्वाचं आहे आणि ती कोणी सांगितलेल्या मजकुराने भरायची याचे काही नियम आहेत, जे त्याला कोणी आधी सांगितले नव्हते. खोटेपणा हा शब्द मी इतक्या लवकर वापरणार नाही. तुम्हीही वापरू नका. मुलांना असा शब्द चिकटला की निघता निघत नाही.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी बरीच वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवलं. दर सुट्टीला मीही हाच अभ्यास देत असे. जूनमध्ये टेबलावर वह्यांची चळत यायची. “या पुस्तकाचे लेखक अमुक आहेत. हे पुस्तक मला फार आवडले. यातून आपल्याला चांगला बोध मिळतो.” वह्या चाळीस आणि भाषा एकच. मी सही करून वह्या परत करायचे. एकाही मुलाला बोलावून विचारलं नाही की बाळा, नक्की काय आवडलं? त्या मुलांना मी वाचायला लावलं असं मला तेव्हा वाटायचं. आज वाटतं, पुस्तक न वाचता पानभर कसं लिहायचं, हे मी त्यांना शिकवलं. म्हणून तुमचं पत्र मला इतकं लागलं.

आता आळशीपणाबद्दल. तुम्हीच लिहिता की तो इंग्रजी कॉमिक्स तासन्‌तास वाचतो. क्रिकेटमधला कुठला खेळाडू कितव्या षटकात बाद झाला हे त्याला पाठ असतं. ज्याला वाचायचा कंटाळा आहे तो असा वाचत नाही. त्याला कंटाळा आहे तो मराठी पुस्तकाचा, आणि माझा अंदाज असा की त्याच्या मुळाशी कंटाळ्यापेक्षा दमणूक जास्त आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या वाट्याला छापील मराठी येतं ते आठवड्यातल्या मोजक्या तासांना. घरी तो मराठी भराभर बोलतो, त्यामुळे तो तसंच वाचतही असेल असं आपण धरून चालतो. पण ‘स्वच्छ’, ‘दुष्काळ’, ‘कर्तृत्व’ असे जोडाक्षरांचे शब्द आले की त्याची गाडी अडते. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. एका पानाला दहा मिनिटं लागत असतील, तर दीडशे पानांचं पुस्तक हा त्याच्यासाठी डोंगर आहे.

हे खरं आहे की नाही ते आजच बघता येईल. यादीतलं उरलेलं कुठलंही पुस्तक घ्या, मधलं एक पान उघडा आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. घड्याळ लावू नका, चुका दुरुस्त करू नका. जिथे शब्द अडेल किंवा अर्थ कळणार नाही तिथे त्यानेच एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली, तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायचं नाही, कोणीतरी वाचून दाखवायचं. एक-दोन बोटंच मिटली, तर ते त्याचं. आणि हे करताना लक्षात आलं की मूल ओळ सोडतं आहे, अक्षरं उलटसुलट करतं आहे आणि हे मराठीत होतं तसंच इंग्रजीतही होतं आहे, तर आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग अध्ययन अक्षमतेसंबंधी तज्ज्ञांना दाखवावं. तुमच्या मुलाच्या बाबतीत तसं वाटत नाही. पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी तसं असेल, म्हणून लिहिलं.

तुमच्या यादीतलं पहिलंच पुस्तक ‘श्यामची आई’ आहे. सुट्टीच्या यादीत ते असतंच. तुम्ही लिहिलं आहे की तो तीन पानांपुढे गेला नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली तुमच्याच नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्यातली कोकणातली शेतं, व्रतवैकल्यं, सावकार हे सगळं आजच्या सातवीतल्या मुलापासून फार लांब आहे आणि भाषाही. पण पुस्तकाची घडण बघा. त्यात धडे किंवा प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, एका रात्री एक. म्हणजे ते मुळात ऐकायचंच पुस्तक आहे. रात्री बेचाळीस आहेत आणि आपली उन्हाळ्याची सुट्टीही जवळपास सहा आठवड्यांचीच असते. ज्या घरात हे पुस्तक रोज एक रात्र असं मोठ्याने वाचलं गेलं, तिथल्या मुलांना ते आयुष्यभर आठवतं. ज्यांना ते दोन दिवसांत वाचून पानभर सारांश लिहायला लागला, ती त्याच्या नावानेही कंटाळतात. तुमच्याकडे आजी आहेत, त्यांना पुस्तकं आठवतात, बहीण नसल्याचंही आठवतं. त्यांना रोज रात्री एक रात्र वाचायला सांगा. सगळ्या पूर्ण झाल्याच पाहिजेत असं नाही.

आता सारांशाकडे येते. त्याची एवढी धास्ती का, हे समजून घ्यायला हवं.

आपण मुलांना “सारांश लिही” म्हणतो, पण सारांश कसा करतात हे सहसा कोणी दाखवत नाही. गोष्ट लहान करायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी वर्गात शेवटी शेवटी एक प्रयोग करायचे, तो तुम्ही घरी करून बघा. यासाठी पुस्तकसुद्धा लागत नाही. चिऊ-काऊची गोष्ट घ्यायची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ती सर्वांना येते, त्यामुळे वाचण्याचं ओझं नसतं आणि सगळं लक्ष लहान करण्यावर राहतं.

मुलं पहिल्यांदा लिहितात ते असं: “एक कावळा होता. एक चिमणी होती. कावळ्याचं घर शेणाचं होतं. मग पाऊस आला. मग घर वाहून गेलं. मग कावळा चिमणीकडे आला. मग तो म्हणाला, चिऊताई चिऊताई दार उघड. मग चिमणी म्हणाली, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. मग कावळा परत म्हणाला…” पान भरत येतं तरी कावळा अजून दारातच भिजतो आहे. मुलाने काही चुकीचं लिहिलेलं नसतं. काय सोडायचं हे त्याला कळत नसतं, म्हणून तो काहीच सोडत नाही.

मग मी फळ्यावर लिहायचे: “पावसात शेणाचं घर वाहून गेल्यामुळे कावळा चिमणीकडे आसरा मागायला आला. चिमणीने बाळाचं काही ना काही काम पुढे करून त्याला बराच वेळ दारात ताटकळत ठेवलं.” आणि विचारायचे, मी काय केलं ते शोधा. मुलं शोधायची. कुणी म्हणायचं, बाई, तुम्ही सगळे ‘मग’ काढून एक ‘गेल्यामुळे’ टाकला. कुणाच्या लक्षात यायचं की अंघोळ, टोपडं, काजळ, झोपवणं या चार गोष्टी ‘काही ना काही काम’ यात गेल्या. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण बाई, ‘ताटकळत’ गोष्टीत नव्हतं. तुम्हाला कावळ्याची दया आली म्हणून तुम्ही लिहिलं.” मी त्या दिवशी पुढचं काही शिकवलंच नाही. सारांशात लिहिणाऱ्याचं मन कसं उतरतं, हे तिने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी चिमणीच्या बाजूने लिहिलं असतं, तर ‘ताटकळत’च्या जागी ‘थांबवून’ आलं असतं. पुढे कावळ्याचं काय होतं, हे तर प्रत्येक घरी वेगळं सांगतात.

पण ताई, याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मूल ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मागतं ते कशासाठी? “चिऊताई चिऊताई दार उघड” आणि “थांब, माझ्या बाळाला तीट लावते” यासाठी. आणि सारांश करताना आपण नेमकं तेच काढून टाकतो. म्हणजे चांगल्यात चांगल्या सारांशातही गोष्टीचा आनंद उरत नाही, सांगाडा उरतो. सांगाडा ओळखता येणं उपयोगाचं आहे. पुढे आठवी-नववीला विज्ञानाचा, इतिहासाचा धडा वाचताना तेच कौशल्य कामाला येतं. पण पुस्तक आवडलं का, समजलं का, याचा पुरावा म्हणून सारांश फार तोकडा आहे. म्हणून प्रत्येक सारांशाखाली मुलाला चार ओळींची जागा ठेवायला सांगा आणि तिला नाव द्या, ‘सारांशात न मावलेलं’. तिथे त्याने लक्षात राहिलेलं एखादं वाक्य, एखादा प्रसंग, एखादा वासही लिहावा. ‘फास्टर फेणे’ वाचणाऱ्या मुलाने तिथे फक्त “ट्टॉक!” लिहिलं, तरी भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश त्याला भेटला आहे, हे मला कळेल. मोबाइलला सारांश मागता येतो, पण या चार ओळी त्याला कोणाकडून मागता येणार नाहीत.

सारांश आधी तोंडाने करायचा. जेवताना, गच्चीत गाद्या घातल्यावर, आमरसासाठी आंबे पिळता पिळता. ऐकणाऱ्याने ते पुस्तक वाचलेलं नसावं, म्हणजे त्याचे प्रश्न खरे असतात. तुमच्या घरी यासाठी बाबा सर्वांत योग्य. त्यांना वही पूर्ण होण्याशी मतलब आहे ना, मग हे काम त्यांचंच. “मग काय झालं?” आणि “असं का केलं त्याने?” एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारायचे. मूल सांगताना आपोआप सोडत जातं, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतो. अडलं, तर आधार म्हणून चार प्रश्न: कुणाला काय हवं होतं, काय आडवं आलं, त्याने काय केलं, आणि शेवटी काय बदललं. मग त्याच मोबाइलवर दोन-तीन मिनिटं बोलणं रेकॉर्ड करून त्याचं त्याने ऐकावं आणि पुस्तक मिटून ठेवून लिहावं. पुस्तक उघडं असलं की मुलं वाक्यं उचलतात. मिटलं की स्वतःची भाषा येते, मोडकी असली तरी चालेल. पूर्ण पानाची सक्ती नको, पोस्टकार्डाएवढी जागा आखून दिली तरी पुरे.

गोष्टीचं पुस्तक नसेल, पक्ष्यांवरचं किंवा शास्त्रज्ञांवरचं असेल, तर हे चार प्रश्न लागू पडत नाहीत. तिथे “आधी मला काय वाटत होतं आणि आता काय कळलं” एवढंच लिहावं. कथासंग्रह असेल तर एकाच कथेचा सारांश करावा. बारा कथांचा सारांश एका पानात मोठ्या माणसालाही जमत नाही.

आता ते तिसरं पान. ते वहीत राहू दे. मुलाला रागावून झालं आहे, आता त्याला खरंच मोलाचं काम द्या. आजींनी बहीण पकडली. आणखी काय काय चुकलं आहे ते त्याने शोधायचं. त्यासाठी पुस्तक वाचावं लागेल, आणि ही शोधाशोध बारा वर्षांच्या मुलाला आवडते. एआय भाषा इतकी सफाईदार लिहितं की चूकही खरी वाटते. हे त्याला तुमच्या उपदेशातून कळणार नाही, लाल पेनाने स्वतः खुणा केल्या की कळेल. पानाखाली त्याने आपल्या हाताने लिहावं, “हे मी पुस्तक न वाचता लिहिलं होतं. नंतर वाचलं, तेव्हा या चुका सापडल्या.” मी बाई असते, तर पाचही सारांशांपेक्षा या पानाला जास्त गुण दिले असते.

बाईंना सांगावं, पण तक्रार म्हणून सांगू नका, आणि शक्यतो त्यानेच सांगावं. अशी चिठ्ठी चालेल: “बाई, मला मराठी वाचायला वेळ लागतो. मी पाचऐवजी तीन पुस्तकं नीट वाचली आहेत. दोन सारांश आईने सांगितले होते, म्हणून ते मोजू नका. वाचलेल्या पुस्तकांबद्दल मी तोंडीही सांगू शकतो.” बहुतेक बाई हे ऐकतील. एखादी नाही ऐकणार, दोन गुण जातील. जाऊ देत.

यादीबाहेरचंही त्याच्या हाताला लागू द्या. त्याची कॉमिक्स आणि क्रिकेट हेही वाचनच आहे, ते बंद करून मराठीची गोडी लागणार नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. अंकात दोन पानांची गोष्ट असते, कोडं असतं, कविता असते. दमणाऱ्या मुलाला हा आकार झेपतो. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आहे का ते बघा आणि त्याच्या नावाचं कार्ड त्याच्या हातात द्या. पुस्तक त्याने निवडावं, चुकीचं निवडावं, अर्धं टाकून परत करावं. आपण मोठी माणसंही तसंच करतो.

ज्यांच्या घराजवळ वाचनालय नाही त्यांनी सुट्टी लागण्यापूर्वीच मुख्याध्यापकांना भेटून शाळेतली पुस्तकं मुलांच्या नावावर घरी नेऊ द्यायची विनंती करावी. पुष्कळ शाळांमध्ये ती मे महिनाभर कपाटात बंद असतात आणि नेमकी तेव्हाच मुलांना सवड असते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी सोप्या-अवघड पातळीप्रमाणे लावलेल्या मिळतात, फोनवर वाचता येतात. परदेशात राहणाऱ्या आयांचीही अशीच पत्रं येतात, तिथे सुट्टी वेगळ्या महिन्यांत असते एवढाच फरक. त्यांना मी सांगते, आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी गोष्ट अर्धी वाचून थांबावं आणि पुढच्या वेळी नातवाने आधी “मागे काय झालं होतं” ते सांगावं. तोही सारांशच.

ताई, तीन आठवड्यांत हे सगळं होणार नाही. आज रात्री एवढंच करा: ते तिसरं पुस्तक तुम्ही हातात घ्या, पहिली दहा पानं त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि रंगात आल्यावर थांबा. पुस्तक त्याच्या उशाशी ठेवा. उद्या जेवताना बाबांनी विचारायचं, “त्या मुलाला बहीण आहे म्हणे?”